नागपूरले भेटन

कन्हानला सगळे मिळते. फक्त ते नागपूरला मिळते.

पुण्यामुंबईच्या वाचकांना हे वाक्य छापखान्याची चूक वाटेल. पण ज्याने आमच्या बाजारात एकदा तरी थोडी आडवळणाची वस्तू मागितली आहे, त्याला ते लगेच पटेल. तुम्ही दुकानापुढे उभे राहता. वस्तूचे नाव सांगता. दुकानदार क्षणभर डोळे मिटतो. तुम्हाला वाटते, बिचारा आठवतो आहे, कोणत्या फळीवर ठेवली होती ती. मग तो डोळे उघडतो, नदीच्या दिशेला हनुवटी उडवतो आणि म्हणतो, "नागपूरले भेटन."

झाले. खटला निकालात. या दोन शब्दांनी आमच्या बाजाराचे जेवढे नुकसान केले आहे, तेवढे मोठमोठ्या मॉलांनी आणि मोबाइलवरच्या दुकानांनी मिळून केले नसेल. आणि हे शब्द बोलतो कोण? ज्याचे नुकसान होते तोच. गिऱ्हाइकाला हाताला धरून पुलापर्यंत पोचवून देणारे असे व्यापारी जगात दुसरीकडे कुठे असतील असे मला वाटत नाही.

आता या व्यापाऱ्यांच्या धंद्याला हातभार लावण्यासाठी आमच्याकडे एक मंडळ आहे. रीतसर वर्गणी घेते, पावती देते. त्या मंडळाबद्दल मला आज थोडे वाईट बोलायचे आहे. मंडळाचे नाव मी सांगणार नाही. मला याच गावात भाजी घ्यायची आहे.

ज्यांना कन्हान ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. नागपूरहून जबलपूरच्या रस्त्याने निघाले की कामठी लागते, कामठी संपली की नदी लागते, आणि नदी ओलांडली की आम्ही लागतो. नदीचे नाव कन्हान, गावाचे कन्हान, स्टेशनचेही कन्हान. रामटेकचा रेल्वेफाटा इथूनच फुटतो. आजूबाजूला कोळशाच्या खाणी. एके काळी खाणीच्या पगाराच्या दिवशी आमच्या बाजारात पाय ठेवायला जागा नसे. नागपूर आमच्या नदीचे पाणी पिते आणि आम्ही नागपूरहून मिक्सरचा कपलर आणतो. व्यवहार फिटंफाट म्हणायचा!

कपलरचे सांगतोच. गेल्या पावसाळ्यात आमच्या मिक्सरने संप केला. मोटर घरघरत होती, पण भांड्यातले दाणे समाधी लावून बसले होते. सौभाग्यवतीने भांडे उलटे करून मला त्याचा तळ दाखवला. तळाशी एक रबरी चक्री असते, तिला दाते असतात. ते दाते माझ्या दातांसारखे झाले होते. या चक्रीला कपलर म्हणतात हे मला वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी कळले. पस्तीस वर्षे शाळेत मराठी शिकवली. जोडणारी वस्तू म्हणजे मला फार तर द्वंद्व समास ठाऊक.

"पाटा काढू का?" ती म्हणाली. हा प्रश्न नसतो. पिशवी घेऊन निघालो.

पहिले दुकान विजेच्या सामानाचे. "कोणत्या कंपनीचं जी?" त्याने विचारले. मी कंपनी सांगितली. डोळे मिटले, हनुवटी उडाली, "नागपूरले भेटन."

"आणि दुसऱ्या कंपनीचं असतं तर?"

"तेबी नागपूरलेच भेटन."

"मग कंपनी कशाला विचारली?"

"विचारा लागते ना जी. असंच कसं नाही म्हणाव?"

दुसरे दुकान भांड्यांचे. त्याने मला नवा मिक्सर घेण्याचा सल्ला दिला. तिसरे हार्डवेअरचे. हा गृहस्थ फार चांगला. त्याच्याकडे कपलर नव्हता, पण तो गल्ल्यावरून उठून बाहेर आला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "मास्तर, बर्डीले उतरा. उतरले का नाही, मेन रोडनं सरळ चालत जा. डाव्या हाताले गल्ली लागन. त्या गल्लीत शिरले का तिसरं दुकान." एवढ्या आपुलकीने आणि तपशिलाने त्याने स्वतःच्या मालाची जाहिरात जन्मात केली नसेल.

गेलो बापडा. बर्डी म्हणजे सीताबर्डी. गल्ली सापडली, तिसरे दुकान सापडले. आणि आता ऐका, कारण या लेखात सांगण्यासारखे जे काही आहे ते इथेच आहे. त्या दुकानदाराकडेही कपलर नव्हता.

पण तो तसे म्हणाला नाही. तो म्हणाला, "बसा काका." मला एक स्टूल दिले. पोऱ्याच्या हातात माझा जुना कपलर ठेवला. पोऱ्या पळाला, आणि मी रुमालाने चष्मा पुसतो न पुसतो तोच तस्साच नवा कपलर घेऊन परत आला. चाळीस रुपये. मी निवृत्त शिक्षक असल्यामुळे मला चौकशा करायची खोड आहे. विचारले, "कुठून आणला?"

"शेजारून."

"भावाचं दुकान वाटतं?"

"कायचा भाऊ जी! आमचं बोलणंबी नाही. पण गिऱ्हाईक आलं तर माल येते."

हे वाक्य मी कन्हानपर्यंत घोकत आलो. बोलणे नाही, पण माल येतो! आमच्याकडे उलटे आहे. बोलणे भरपूर, रोज चहा एका कपात अर्धा-अर्धा. माल मात्र येत नाही. तुम्ही इतवारीच्या ठोक बाजारात जा, गांधीबागेत कापडवाल्यांकडे जा. 'नाही' हा शब्द तुम्हाला सहसा ऐकू येणार नाही. 'बसा' ऐकू येईल. तुम्ही गादीवर बसता आणि तुमच्या नकळत चार दुकानांच्या फळ्या तुमच्यासाठी हलत असतात. आपण समजतो, नागपूरच्या दुकानात सगळे असते. अहो, कुठल्याच दुकानात सगळे नसते. बाजारात असते. नागपूरच्या दुकानदाराला बाजार ठाऊक असतो आणि कन्हानच्या दुकानदाराला फक्त आपले दुकान.

बरे, मी एकट्या कपलरसाठी गेलो आणि कपलर घेऊन आलो, असे झाले का? माणूस नागपूरला गेला की रिकाम्या पिशवीने परत येत नाही. तशी आपल्यात पद्धत नाही. एक छत्री घेतली, दोन बनियन घेतले, एक टॉर्च घेतली, नातीसाठी रंगपेटी, घरी संत्राबर्फी. सगळे मिळून सोळाशे ऐंशी रुपये. त्यात कपलर चाळीसचा. उरलेल्या सोळाशे चाळीस रुपयांची एकूणएक वस्तू कन्हानला मिळते, अगदी आमच्या घराच्या हाकेवर. त्या सज्जन हार्डवेअरवाल्याने माझ्या खांद्यावर हात ठेवून आपल्याच पाच शेजाऱ्यांचा गल्ला बसमध्ये बसवून दिला होता.

संध्याकाळी परतलो तर विजेच्या दुकानाच्या भिंतीला टेकून जो गॅस-शेगडी दुरुस्तीवाला बसतो, त्याने हाक मारली. "काय आणलं जी मास्तर, बर्डीवरून?" मी कपलर दाखवला. "कितीले भेटलं?" चाळीस, मी म्हणालो. त्याने मागे हात घालून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा ओढला, झाकण उघडले. आत वीस-पंचवीस कपलर होते. लहान, मोठे, काळे, तांबडे. "माह्याकडं तीसले होतं," तो म्हणाला. रागाने नाही, नुसती माहिती म्हणून.

"अहो, मग सांगितलं का नाही तुम्ही?"

"तुमी विचारलंच नाही."

हा माणूस त्या भिंतीला टेकून बारा वर्षे बसतो आहे. भिंतीच्या आत बसणाऱ्या दुकानदाराला त्याच्या डब्यात काय आहे हे ठाऊक नव्हते. आणि दोघेही मंडळाचे सभासद! दुरुस्तीवाल्याच्या डोक्यावर खिळ्याला त्याचे सभासदत्वाचे प्रमाणपत्र प्लास्टिकमध्ये घालून टांगलेले आहे.

आता मंडळाकडे वळतो. मंडळाची एक योजना आहे. तिचे नाव 'विपणन साहाय्य'. वर्षाला अकराशे रुपये वर्गणी, त्या बदल्यात मंडळ तुमच्या धंद्याची प्रसिद्धी करणार. या योजनेत तीन गोष्टी येतात: फ्लेक्स, कॅलेंडर आणि स्मरणिका.

फ्लेक्स बसथांब्याजवळ लागतो. त्यावर चौदा पदाधिकाऱ्यांचे चेहरे असतात आणि खाली सभासदांच्या दुकानांची नावे मुंगीच्या अक्षरात. मी एकदा भिंग घेऊन गेलो होतो. लोकांना वाटले मास्तर गेले कामातून. परगावचा माणूस तो फ्लेक्स पाहून एवढेच समजेल की कन्हानला पदाधिकारी उत्तम मिळतात. कॅलेंडरवर सभासदांच्या जाहिराती असतात आणि ते सभासदांच्याच दुकानांत टांगलेले असते. म्हणजे किराणावाल्याला वर्षभर कळत राहते की आपण किराणावाले आहोत.

स्मरणिकेबद्दल मी कोणत्या तोंडाने बोलू? ती मी संपादित केली. ज्या गावात निवृत्त मराठी शिक्षक असतो, त्या गावात स्मरणिका निघतेच. त्याला इलाज नाही. त्या रात्री मी पेटीतून ती काढली आणि दुरुस्तीवाल्याची जाहिरात शोधली. अर्धे पान, त्याचे त्याने साडेसातशे रुपये वेगळे मोजले होते. वर 'श्री गजानन प्रसन्न'. मध्ये उसना कोट घातलेला त्याचा फोटो. खाली 'मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनास हार्दिक शुभेच्छा'. त्याने 'हार्दीक' लिहून दिले होते. मी त्याची वेलांटी ऱ्हस्व केली होती आणि मराठीची सेवा केल्याच्या समाधानात त्या रात्री झोपलो होतो. तो काय दुरुस्त करतो, कुठे बसतो, किती वाजता येतो, डब्यात काय ठेवतो, यातले एक अक्षर त्या पानावर नव्हते.

मग पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. चौऱ्याऐंशी पाने. शुभेच्छा एकशे नऊ. 'मिळेल' हे क्रियापद एकदाही नाही! शिंप्याने शुभेच्छा दिल्या होत्या, पिठाच्या गिरणीने दिल्या होत्या, सायकलवाल्याने दिल्या होत्या. सगळ्यांनी सगळ्यांना दिल्या होत्या. पाचशे प्रती छापल्या. सभासदांना वाटल्या, पाहुण्यांना हाराबरोबर दिल्या, उरलेल्या तीनएकशे मंडळाच्या कपाटात आहेत. गिऱ्हाईक म्हणून जे कोणी असते, त्याच्या हातात एकही गेली नाही. दीडशे माणसांनी पैसे गोळा करून एकमेकांना शुभेच्छा देण्याला विपणन म्हणत असतील, तर मकरसंक्रांतीला आम्ही विनावर्गणी एवढे विपणन करतो, आणि वर तिळगूळ मिळतो.

मोबाइलवर मंडळाचा एक समूहही आहे. सकाळी तिथे सूर्य आणि गुलाब यांची मोठी आवक असते. मध्यंतरी एका नळकामवाल्याने त्यावर विचारले, 'दोन इंची एल्बो कोणाकडे आहे का?' चार मिनिटांत त्याचा मजकूर काढून टाकण्यात आला आणि सूचना आली, 'कृपया समूहावर फक्त मंडळाचेच विषय टाकावेत.' त्या दिवशी मला खरोखर संताप आला. दोन इंची एल्बो हा मंडळाचा विषय नाही, तर मंडळाचा विषय कोणता? गुलाब?

माझे भांडण संघटनेशी नाही, हे आधीच सांगून ठेवतो. व्यापाऱ्यांनी एकत्र येणे ही काही आजची गोष्ट नव्हे. फ्रान्समध्ये मार्सेयला १५९९ सालीच व्यापाऱ्यांची चेंबर स्थापन झाली होती. आपल्याकडे वालचंद हिराचंदांनी १९२७ साली महाराष्ट्र चेंबर काढली. नागपुरात नाग विदर्भ चेंबर १९४४ पासून आहे. ही मोठी माणसे. त्यांनी सरकारशी करांबद्दल भांडावे, निवेदने द्यावीत. त्यांचे काम ते आहे. पण आमच्या दुरुस्तीवाल्याचे अर्थमंत्र्याशी काही वाकडे नाही. त्याला उद्या सकाळी एक गिऱ्हाईक पाहिजे आहे.

आणि ते संघटनेने मिळू शकते, हे शिकायला मार्सेयला जायला नको. आपल्या लहानपणी घरोघरी जी नोगाच्या सरबताची बाटली असायची, ती आठवा. पाहुणे आले की कपाटातून निघायची, आणि आपल्याला पेल्यातले तळातले मिळायचे. मी बरीच वर्षे नोगा हे कुणा पारशी गृहस्थाचे आडनाव समजत होतो. पुढे कळले की ती नागपूर ऑरेंज ग्रोअर्स असोसिएशन या नावाची आद्याक्षरे! म्हणजे बागाईतदारांची संघटना. पुढे तो कारखाना महाराष्ट्र कृषी उद्योग विकास महामंडळाकडे गेला, पण बाटलीवरचे नाव राहिले. मुद्दा असा की संघटनेचे नाव बाटलीवर होते आणि बाटली अनोळखी माणसाच्या घरात होती. त्या बाटलीवर अध्यक्षांचा हार घातलेला फोटो असता, तर आम्ही ते सरबत प्यालो असतो का?

किंवा लिज्जत पापड घ्या. १९५९ साली गिरगावात सात बायका ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला बसल्या. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. त्या सातजणींनी पहिल्या दिवशी स्नेहसंमेलन घेतले असते, तर मला वाटते पापड पाहुण्यांनाच पुरले नसते. तिथे सभासद होणे म्हणजे पापड लाटणे, आणि सगळ्यांचा पापड एका चवीचा, एका नावाचा. मालाडच्या बाईने लाटलेला पापड नागपूरच्या माणसाने डोळे मिटून घ्यावा, एवढी पत त्या नावाला आली. पत हा शब्द मी मुद्दाम वापरला. छोट्या दुकानदाराला एकट्याने ती फार दूरवर नेता येत नाही. आपल्या गल्लीपुरती असते. पुढच्या गल्लीत ती न्यायला चार माणसे लागतात. मंडळ त्यासाठी असते.

अमेरिकेत आयव्हन मिसनर नावाच्या गृहस्थाने १९८५ साली एक युक्ती काढली. प्रत्येक धंद्यातला एकेकच माणूस घ्यायचा, दर आठवड्याला सकाळी जमायचे आणि एकमेकांना गिऱ्हाइकाची चिठ्ठी द्यायची. माझ्या ओळखीच्याला गवंडी पाहिजे, हा घे त्याचा पत्ता. त्याची बीएनआय संस्था आता जगभर पसरली आहे. आपल्याकडे मराठी उद्योजकांसाठी माधवराव भिडे यांनी २००० साली सॅटर्डे क्लब काढला, तोही याच विचाराने, की मराठी माणसाने मराठी माणसाला काम मिळवून द्यावे. चिठ्ठी! शुभेच्छा नव्हे. आता आमची अडचण अशी की कन्हानला प्रत्येक धंद्यातला एकच माणूस घेता येत नाही. किराणावालेच बाजारात एकाला लागून एक. म्हणजे आम्हाला अमेरिकेच्या एक पाऊल पुढे जावे लागेल, आणि गिऱ्हाइकाला प्रत्यक्ष प्रतिस्पर्ध्याच्या दारात पाठवावे लागेल. आणि हे म्हटले की बैठकीत पंखेसुद्धा थांबतात.

मी हे अध्यक्षांशी बोललो. ते म्हणाले, "मास्तर, तुमी शिकवणारे. धंद्यातलं तुमाले काय समजते? मी माह्यं गिऱ्हाईक दुसऱ्याकडं पाठवलं आन् तो तिकडचाच होऊन बसला तर?"

"तो आताच नागपूरचा होऊन बसून राहिला आहे जी," मी म्हणालो.

त्यावर ते जरा गप्प झाले. पण मग त्यांनी जो दुसरा प्रश्न टाकला, त्याने मी गप्प झालो. म्हणाले, "आन् त्यानं खराब माल देल्ला तर? गिऱ्हाईक म्हणन, यायनंच पाठवलं होतं. इज्जत कोणाची जाईन?"

हे मात्र खरे आहे. शब्द दिला की तो सांभाळावा लागतो. बर्डीवाल्याने शेजारून आणलेला कपलर फुटका निघाला असता, तर मी शेजाऱ्याकडे गेलो नसतो, बर्डीवाल्याकडेच गेलो असतो. आणि त्याने तो मुकाट्याने बदलून दिला असता, कारण स्टूल त्याचे होते. तेव्हा माझे म्हणणे एवढेच की कन्हानमध्ये ते स्टूल मंडळाने मांडावे. सभासदाचा माल खराब निघाला, तर मंडळाने बदलून द्यायला लावावा. वजनात मारले, तर प्रमाणपत्र खिळ्यावरून उतरवावे. आज आमच्या मंडळात प्रमाणपत्र मिळायला पैसे लागतात आणि जायला मरण लागते. ज्या प्रमाणपत्राला कधी काढून घेतले जाण्याची भीती नाही, त्याची किंमत प्लास्टिकसकट पंधरा रुपये.

आणि एक कागद. फक्त एक कागद छापावा, पाठपोट. कोणाकडे काय मिळते, कोण काय दुरुस्त करतो, दुकान किती वाजता उघडते, कुठल्या झाडाखाली. मराठीत छापावा आणि हिंदीतही, कारण खाणीच्या वसाहतींतून देशभरची माणसे राहतात. पेपर टाकणाऱ्या पोरांकडून घरोघर टाकावा. एका फ्लेक्सच्या खर्चात होईल. मी मसुदासुद्धा करून दिला होता. 'सायकलचे चाक उभ्या उभ्या सरळ करून मिळेल; पहिल्या पाळीवाल्यांसाठी सकाळी साडेपाचला दुकान उघडे.' सायकलवाल्याने वाचून नापसंत केला. "हे तर साऱ्यायलेच माहीत हाये मास्तर. देवाचा फोटो कुठी हाये?"

साऱ्यांनाच माहीत आहे! बारा वर्षे एका भिंतीला टेकून बसणाऱ्याला माहीत नव्हते, तिथे वसाहतीत काल राहायला आलेल्या बाईला कसे माहीत असेल? ती मोबाइल काढते. मोबाइल कधी म्हणत नाही, 'नागपूरले भेटन'. तो म्हणतो, परवापर्यंत पाठवतो.

इथे मला माझेही एक पाप सांगून टाकले पाहिजे, नाहीतर सौभाग्यवती सांगेल. मागे मी मोबाइलवरून कुकर मागवला. कन्हानपेक्षा एकशे चाळीस रुपयांनी स्वस्त होता. दोन महिन्यांत त्याची शिट्टी चारी बाजूंनी वाजू लागली. तो घेऊन मी कुठे गेलो? त्याच दुरुस्तीवाल्याकडे. त्याने कुकर उलटसुलट करून पाहिला, "कुठून घेतला?" असे विचारले, माझे उत्तर ऐकण्याआधीच दुसरीकडे पाहिले, गॅस्केट बसवून दिले आणि वीस रुपये मजुरी घेतली. तेव्हा दोष सगळा दुकानदारांचाच आहे, असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आपण पांढरपेशे लोक खरेदी लांबून करतो आणि उधारी, सुटे पैसे, निरोप ठेवणे आणि रिपेरी यांच्यासाठी गावातल्या दुकानदाराची आठवण काढतो. पण आपण संघटित नाही हो. ते आहेत. अकराशे रुपये ते भरतात.

भरतात ते कशातून, हेही पाहिले आहे मी. आमच्या साळ्याचे (पुण्याकडे मेहुणा म्हणतात, इकडे साळा म्हटले तर कोणी रागावत नाही) स्टेशनच्या रस्त्याला वह्या-पुस्तकांचे दुकान आहे. सासऱ्यांनी काढलेले. जूनमध्ये तिथे पोरांची रांग लागायची. मी स्वतः सुट्टीत कव्हरे घालून दिली आहेत. आता शाळाच वह्यांचे गठ्ठे देतात. गेल्या जूनमध्ये मी गेलो तर तो गल्ल्यावर बसून पंख्याचा वेग कमी-जास्त करत होता. त्याचा मुलगा चोवीस वर्षांचा. मला हळूच विचारून राहिला होता, "मामाजी, नागपूरले एखाद्या गोडाउनात लागते का काही?" साळ्याने ऐकले. म्हणाला, "दिवाळीपर्यंत पाहू, भाऊजी." मंडळाची पावती मात्र काचेखाली नवी कोरी होती.

यात आता मेट्रो येणार. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने नागपूर मेट्रोचा दुसरा टप्पा मंजूर केला, त्यात ऑटोमोटिव्ह चौक ते कन्हान नदी असा मार्ग आहे. उत्तमच झाले, माझ्यासारख्याच्या गुडघ्यांना बस सोसत नाही. पण गाडी एकदा सुरू झाली की बर्डी वातानुकूलित होऊन आमच्या दारात उभी राहील, आणि हार्डवेअरवाल्याला नुसती हनुवटीच उडवावी लागेल, रस्ता सांगायचेही कष्ट नाहीत. मंडळाने मेट्रोच्या स्वागताचा फ्लेक्स लावला. चौदा चेहरे.

वार्षिक सभेत मी ठराव मांडला: 'सभासदाने गिऱ्हाइकास नागपूरला मिळेल असे सांगण्यापूर्वी बाजारात किमान दोन ठिकाणी विचारून पाहावे, व शक्यतो माल मागवून द्यावा.' मोठी चर्चा झाली. एकाने विचारले, कमिशन कोणी द्यायचे? दुसऱ्याने विचारले, ज्याच्याशी कोर्टात चालू आहे त्यालाही विचारायचे का? तिसऱ्याने 'शक्यतो' या शब्दाला दुरुस्ती सुचवली, 'बहुधा'. मी व्याकरणाच्या दृष्टीने विरोध केला आणि मूळ विषय तिथेच बुडाला. दुरुस्तीवाला एकटा हात वर करून उभा होता. शेवटी ठराव उपसमितीकडे सोपवून चहा झाला. उपसमितीचा निमंत्रक मी. सभासदही अजून मीच आहे.

म्हटले, कागदाचे काम तरी सुरू करू. प्रत्येकाकडे जाऊन काय-काय मिळते ते लिहून घ्यायचे, तर कडेला अ-आ-इ-ई कापलेली वही पाहिजे, पूर्वी पत्त्यांसाठी मिळायची तशी, पण मोठी. साळ्याच्या दुकानात गेलो. वस्तू सांगितली. त्याने क्षणभर डोळे मिटले. मग उघडले. हनुवटी नदीच्या दिशेला वर जाऊ लागली.

"नाग—" तो म्हणाला, आणि थांबला. माझ्याकडे पाहिले.

समोरच रस्त्याच्या पलीकडे दुसरे वह्यांचे दुकान आहे. नालीवरच्या फरशीवरून सात वर्षांपूर्वी भांडण झाले, तेव्हापासून या दुकानातले कोणी त्या दुकानातल्या कोणाशी बोललेले नाही. साळ्याने खूप वेळ काचेखालच्या पावतीवर बोट फिरवले. मग पोराला म्हणाला, "जाय बरं, समोर विचारून ये."

पोरगा काही न बोलता रस्ता ओलांडून गेला. फरशीवर पाय न देता नाली उडी मारून पार केली. समोरच्या म्हाताऱ्याने चष्म्यावरून आधी पोराकडे पाहिले, मग रस्त्यापलीकडून आम्हा दोघांकडे पाहिले. पोराने हातांनी वहीचा आकार दाखवला.

म्हाताऱ्याने डोळे मिटले.